जीभ सारखी तिथंच जाते

माझ्या वरच्या डाव्या पटाशीच्या दाताचा कोपरा धातूच्या बाटलीने उडाला. पाणी पिताना मागून कुणाचा तरी धक्का लागला, टक्‌ असा आवाज झाला आणि खड्यासारखा तुकडा जिभेवर आला. मी स्वतः दातांची डॉक्टर आहे. अकरा वर्षं रोज लोकांचे दात भरते. त्यामुळे तुकडा तळहातावर घेतला तेव्हाच पुढचं सगळं मनात ठरूनही गेलं. नस उघडी पडलेली नाही, एनॅमल म्हणजे वरचं कडक कवच आणि त्याखालचं थोडं डेंटिन गेलंय, कॉम्पोझिटने (राळ आणि बारीक कण यांच्या दाताच्या रंगाच्या लगद्याने) कोपरा उभा करायचा, अर्ध्या तासाचं काम.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीने दोन पेशंटच्या मधल्या वेळात ते करून दिलं. घाई माझीच होती. "पॉलिशचं आत्ता राहू दे, एक डिस्क फिरव आणि सोड मला," असं मीच तिला म्हणाले. (डिस्क म्हणजे दात घासायची फिरती चकती.) आरशात पाहिलं तर रंग जुळला होता, कोपरा जागेवर होता, हसताना काही कळत नव्हतं. मी कामाला लागले.

रात्री दिवा मालवून पडले तेव्हा जिभेला ती जागा सापडली. दाताच्या मागच्या बाजूला, जिथे फिलिंग संपून माझा स्वतःचा दात सुरू होत होता, तिथे एक उंचवटा होता. डोळ्यांना तो दिसला नसता. जिभेला मात्र तो उंबरठ्यासारखा लागत होता. जीभ तिथे जायची, परत यायची, पुन्हा जायची. मुद्दाम लक्ष दुसरीकडे वळवलं तरी दोन मिनिटांनी ती तिथेच असायची.

"डॉक्टर, जीभ सारखी तिथंच जाते," हे वाक्य मी पेशंटच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल! आणि प्रत्येक वेळी माझं उत्तर ठरलेलं होतं, "सवय होईल दोन दिवसांत." त्या रात्री मला ते उत्तर आठवलं आणि फार वाईट वाटलं. पेशंट जे सांगत होते ते अगदी नेमकं होतं. मी ते ऐकून घेतलं नव्हतं.

सवय झाली नाही. तिसऱ्या आठवड्यात फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा दोरा, त्या दातापाशी आला की त्याचे धागे सुटायला लागले. दीड महिन्याने दोन दातांच्या मधली हिरडी लालसर दिसू लागली आणि ब्रश लागला की रक्त यायचं. तिसऱ्या महिन्यात हिरडीजवळच्या कडेवर केसाएवढी तपकिरी रेघ उमटली, आणि पहिल्या दिवशी ओला असताना छान चमकणारा तो कोपरा वाळला की खडूसारखा निस्तेज दिसायला लागला. तेव्हा मी माझ्या जुन्या सरांना फोन केला. कॉलेजात शिकवण्यातून ते कधीच निवृत्त झालेत, पण आठवड्यातले तीन दिवस अजून पेशंट बघतात. मी म्हणाले, "सर, हे काढून नवीन करू या का?" ते म्हणाले, "आधी ये. बघू तर दे."

सरांनी मला खुर्चीत बसवलं आणि बराच वेळ एकही यंत्र हातात घेतलं नाही. आधी दात ओला असतानाच रंगाची नोंद केली, कारण दात वाळला की तो पांढरट होतो आणि त्यावरून घेतलेला रंग चुकतो. मग हवेने दात वाळवला, डोक्यावरचा दिवा बाजूला सारला आणि कडेने तिरपा उजेड टाकून फोटो काढला. तो पडद्यावर मोठा करून माझ्यासमोर धरला.

समोरून पडलेल्या उजेडात जे गुळगुळीत दिसत होतं, ते तिरप्या उजेडात नांगरलेल्या शेतासारखं होतं. एकाच दिशेने गेलेले चरे, त्यांच्यावरून आडवे गेलेले दुसरे चरे, आणि त्यांच्या मधल्या उंचवट्यांवरच थोडीशी चमक. "पॉलिश झालंय, पण उंचवट्यांच्या माथ्यावर," सर म्हणाले. "खाली पहिल्या बरने पाडलेले चरे तसेच आहेत. मधली पायरी गाळली की असंच दिसतं." (बर म्हणजे दात कोरायचं फिरतं टोक.)

मग त्यांनी एक्स्प्लोररचं, म्हणजे तपासायच्या सुईसारख्या हत्याराचं, टोक दातावरून फिलिंगकडे आणि फिलिंगवरून दाताकडे, असं दोन्ही बाजूंनी हळू सरकवलं. दाताकडून येताना टोक अडलं, म्हणजे तिथे फिलिंग वर आलेलं. दुसऱ्या एका जागी फिलिंगकडून येताना अडलं, म्हणजे तिथे फिलिंग खोल गेलेलं. एकाच सांध्यावर दोन्ही दोष. विद्यार्थी असताना ही तपासणी मी परीक्षेसाठी पाठ केली होती. स्वतःच्या दातावर ते टोक अडलं की डोक्यात बारीकसा टक्‌ असा आवाज ऐकू येतो, हे मात्र मला पहिल्यांदाच कळलं.

तपकिरी रेघेचं कारण त्यांनी सांगितलं ते मी इथे नीट लिहिते, कारण पुष्कळ पेशंटना ही रेघ म्हणजे पुन्हा लागलेली कीड वाटते. कॉम्पोझिट दाताला चिकटतं ते आम्लाने खरखरीत केलेल्या एनॅमलला. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाची ही युक्ती दाखवली आणि सगळी आधुनिक चिकटवण्याची पद्धत तिथून उभी राहिली. पण भरताना कॉम्पोझिट त्या तयार केलेल्या भागाच्या पलीकडे पसरलं, तर पलीकडचा पातळ पापुद्रा दातावर नुसता टेकलेला राहतो. त्याच्याखाली रंग शिरतो. माझ्या दातावर हेच झालं होतं. कीड नव्हती. तो पापुद्रा पहिल्याच दिवशी कापून टाकायला हवा होता.

"सगळं काढायची गरज नाही," सरांनी निकाल दिला. "आतलं काम चांगलं आहे. वरची कातडी वाईट आहे." त्या वाक्याने मला मैत्रिणीसाठीही बरं वाटलं. तिचं भरणं खरोखरच चांगलं होतं. माझ्या घाईने तिला शेवटपर्यंत जाऊ दिलं नव्हतं.

मधल्या बाजूला, शेजारच्या दाताला टेकतो त्याच्या जरा खाली, हवेचा एक बुडबुडा राहून खळगा पडला होता. फ्लॉस तिथेच फाटत होता. तेवढा भरून घ्यायचा होता. सरांनी भूल दिली नाही. काम एनॅमल आणि जुन्या कॉम्पोझिटपुरतंच असल्याने तशी गरज नव्हती, पण त्यांचं दुसरंही कारण होतं: "पॉलिश करताना दात गरम होतो. तुला ते कळलं पाहिजे, म्हणजे तू मला सांगशील."

हिरडीच्या कडेला बारीक दोरा बसवला, खळगा बरने खरवडून स्वच्छ केला, आम्ल, धुणं, वाळवणं, सिलेन (राळ आणि कण जोडणारं रसायन), बाँड (चिकटवणारा द्रव), आणि भाताच्या शितापेक्षाही लहान असा कॉम्पोझिटचा गोळा. पारदर्शक पट्टी लावून त्यांनी तो दाबला आणि निळा दिवा धरला. हे सगळं मी रोज करते, त्यामुळे त्यावर थांबत नाही. एक गोष्ट मात्र मी करत नव्हते. पट्टी काढल्यावर त्यांनी त्या जागेवर ग्लिसरीनचा जेल लावला आणि जेलमधूनच दिवा पुन्हा धरला.

हवेतला ऑक्सिजन कॉम्पोझिटच्या अगदी वरच्या थराला पक्कं होऊ देत नाही. तो थर चिकट आणि मऊ राहतो. जेलमुळे हवा अडते आणि वरचा थरही पक्का होतो. तो मऊ राहिला तर पॉलिशची डिस्क त्यात भरते, कणांऐवजी चिकट राळ पसरते आणि चमक आल्यासारखी वाटली तरी टिकत नाही. पट्टीखाली पक्कं झालेलं कॉम्पोझिट काचेसारखं गुळगुळीत असतं, ही गोष्टही खरी. त्याहून गुळगुळीत पृष्ठभाग कुठल्याच डिस्कने मिळत नाही. पण त्या पृष्ठभागावर राळ जास्त आणि कण कमी असतात, म्हणून तो लवकर झिजतो आणि रंग धरतो. शिवाय नुसत्या पट्टीने दाताचा आकार क्वचितच बरोबर येतो. त्यामुळे थोडं तरी घासावंच लागतं, आणि एकदा घासलं की सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात.

कॉम्पोझिट म्हणजे राळ आणि कण यांचं मिश्रण. राळ बहुतेक वेळा राफेल बोवेन यांनी शोधलेल्या आणि १९६२ मध्ये पेटंट मिळालेल्या बिस-जीएमएच्या कुळातली. कण काचेचे, सिलिकाचे किंवा झिरकोनियाचे. दोघांना धरून ठेवायला सिलेन. कण कडक, राळ मऊ. घासलं की आधी राळ झिजते, कण उघडा पडतो, आणि मग तो कण निखळून मागे खड्डा सोडतो. सुरुवातीच्या कॉम्पोझिटमधले कण दहा-वीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहूनही मोठे असत, त्यामुळे ती कधी चमकतच नसत. चमकली तरी थोड्याच दिवसांत निस्तेज होत. पुढे ०.०४ मायक्रॉन इतके बारीक कण आले आणि झळाळी आली, पण ताकद कमी पडली. आजच्या साहित्यात लहानमोठ्या कणांची सांगड घालून दोन्ही साधायचा प्रयत्न असतो. तरीही कुठलं साहित्य वापरलं यापेक्षा शेवटची वीस मिनिटं कशी गेली यावर पृष्ठभाग जास्त ठरतो, असं माझं आता स्पष्ट मत आहे.

सरांनी पुढचं काम सुरू केलं ते पेन्सिलने. माझ्या शाबूत दाताच्या समोरच्या बाजूवर दोन उभ्या रेघा काढल्या, जिथे दात सपाट पुढच्या भागाकडून बाजूला वळतो त्या जागी. मग तशाच रेघा भरलेल्या दातावर काढल्या आणि आरसा माझ्या हातात दिला. रेघा जुळत नव्हत्या. भरलेल्या दाताची वळणाची रेघ अर्धा मिलिमीटर बाहेर होती. दोन्ही दातांची मोजून रुंदी तेवढीच, तरी डावा रुंद दिसत होता तो यामुळे. उजेड या दोन रेघांच्या मधल्या भागावरून परततो आणि डोळा तेवढ्यालाच दाताची रुंदी मानतो. तीन महिने आरशात बघून मला काहीतरी खटकत होतं, पण नेमकं काय ते कळलं नव्हतं.

सर म्हणाले, "आधी आकार, मग पोत, मग चमक. चुकीच्या आकाराला चमक आणली तर चूक जास्त दिसते."

आकारासाठी त्यांनी लाल पट्ट्याचा हिऱ्याचा बर उचलला, एका बाजूला दोनचार वेळा टेकवला आणि ठेवून दिला. मग पिवळ्या पट्ट्याचा, त्याहून बारीक. काही जागी हिऱ्याऐवजी कार्बाइडचा, पुष्कळ पात्यांचा बर घेतला. खुर्चीत पडून दोन्हींमधला फरक मला डोळे मिटून सांगता येत होता. हिरा खरवडतो, त्याची खरखर दातातून गालाच्या हाडापर्यंत जाते. तीस पात्यांचा कार्बाइड तासतो, त्याचा आवाज पातळ आणि सलग येतो. हातात हँडपीस असताना हे मला कधी जाणवलं नव्हतं.

हिरडीजवळचा तो पापुद्रा काढायला मात्र त्यांनी फिरतं यंत्र वापरलंच नाही. बारा नंबरचं वाकडं ब्लेड घेतलं, बोट शेजारच्या दातावर पक्कं टेकवलं आणि कडेला धरून पापुद्रा सोलून काढला. सालपट उचललं जावं तसा तो निघाला आणि तपकिरी रेघही त्याच्याबरोबर गेली. बर लावला असता तर हिरडी आणि मुळाचा भाग दोन्ही दुखावले असते. फार तर एक मिनिट लागलं. तीन महिने मी जिच्याकडे आरशात बघत होते ती रेघ एका मिनिटात गेली, आणि मला गळ्याशी आल्यासारखं झालं.

दोन दातांच्या मधल्या जागेत घासपट्टी घातली. या पट्टीच्या मध्यावर थोडा भाग कोरा असतो, तो टेकलेल्या दातांच्या मधून आत सरकवायचा आणि मगच खरखरीत भाग ओढायचा, नाहीतर दातांचा एकमेकांशी असलेला स्पर्शच घासला जातो. सरांनी पट्टी दाताला मिठी मारल्यासारखी वळवली आणि फक्त स्पर्शाच्या खालच्या भागात ओढली. दर दोनचार ओढींनंतर फ्लॉस घालून बघत होते. पहिल्यांदा फ्लॉस अडकला. दुसऱ्यांदा सरकला पण एक धागा सुटला. तिसऱ्यांदा टप्‌ असा आवाज करून आत गेला आणि अखंड बाहेर आला.

मग डिस्क. चार डिस्क त्यांनी ट्रेवर ओळीने मांडल्या होत्या, गडद रंगाची सगळ्यांत खरखरीत, फिकी सगळ्यांत मऊ. पहिली लावताना त्यांचा हात इतका हलका होता की डिस्क टेकलीय की नाही तेच मला कळेना. टेकव, उचल, टेकव, उचल. सलग कुठेच नाही. दर वेळी दिशा थोडी बदलून.

दुसऱ्या डिस्कच्या वेळी एका जागी ती क्षणभर जास्त थांबली आणि दातात खोलवर ऊब आली, मग झर्रकन ठणका. मी डावा हात वर केला. सरांनी लगेच डिस्क उचलली आणि पाणी मारलं. "बघ, एवढ्यात होतं," ते म्हणाले. १९६५ मध्ये झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर प्रयोग केला होता. नसेचं तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने वाढलं तेव्हा सुमारे १५ टक्के दातांच्या नसा सावरल्याच नाहीत. हा आकडा मी विद्यार्थ्यांना शिकवलाय. पण भूल दिलेल्या पेशंटच्या दातावर कोरडी डिस्क दाबून धरताना त्याला यातलं काहीच कळत नाही, आणि त्यामुळे मलाही कळत नाही, ही साखळी मी कधी जोडून पाहिली नव्हती. त्या दिवसापासून माझा हात हलका झाला. पुस्तकाने जे झालं नव्हतं ते त्या एका ठणक्याने झालं.

प्रत्येक डिस्कनंतर सर दात पाण्याने धुवायचे, वाळवायचे आणि भिंगातून बघायचे. धुण्याचं कारण साधं आहे. आधीच्या डिस्कचा एखादा जाड कण तिथे राहिला तर पुढची मऊ डिस्क तोच कण फिरवत नवा चरा पाडते. वाळवण्याचं कारण असं, की पाणी आणि लाळ चरे भरून टाकतात. ओला दात नेहमी पॉलिश झालेलाच दिसतो.

तिसरी डिस्क झाली. धुतलं, वाळवलं, सरांनी भिंगातून पाहिलं आणि गप्प झाले. मग तिसरी डिस्क काढून पहिली पुन्हा लावली. मला वाटलं चुकून उचलली. मी भुवया वर केल्या. ते म्हणाले, "पहिल्या बरचा एक चरा राहिलाय. तिसरी त्याला घालवू शकत नाही, ती फक्त त्याच्या कडा मऊ करेल. चौथी त्याला चमकवेल. जिने जायला हवा होता तिच्याकडेच परत जावं लागतं."

आणि खरोखरच पहिली, दुसरी, तिसरी असं सगळं पुन्हा केलं. एका चऱ्यासाठी. मी खुर्चीत पडून मनात हिशोब करत होते की माझ्या किती पेशंटच्या दातांवर मी तिसऱ्या डिस्कला असा चरा बघितला असेल आणि चौथी लावून सोडून दिला असेल. माझी शेवटची डिस्क उत्तम होती, पेस्टही उत्तम होती. चूक नेहमी दोन पायऱ्या अलीकडे होत होती.

चौथ्या डिस्कच्या आधी त्यांनी एक काम केलं जे मला सगळ्यांत आवडलं. माझ्या उजव्या दाताच्या समोरच्या बाजूवर, तिरप्या उजेडात, दोन उथळ उभ्या पन्हळी दिसत होत्या, आणि हिरडीकडच्या भागात पाण्यावरच्या तरंगांसारख्या अगदी बारीक आडव्या रेषा. एनॅमल थराथराने तयार होताना राहिलेल्या त्या खुणा. वयाबरोबर त्या झिजत जातात. सरांनी बारीक बरने, जवळजवळ न टेकवता, भरलेल्या कोपऱ्यावर तशीच पन्हळ पुढे नेली. आडव्या रेषांचा अगदी भास होईल एवढंच. मग पॉलिश केलं ते त्या पोताला सांभाळून. सपाट, आरशासारखा चमकणारा कोपरा शेजारच्या जिवंत दातापाशी परका दिसतो. मी आजवर अशी आरशासारखी फिलिंग करून समाधान मानत आले होते.

रबरच्या चाकांबद्दल त्यांनी एक सावधगिरी सांगितली. एनॅमल कॉम्पोझिटपेक्षा पुष्कळ कडक असतं. मऊ रबर सांध्यावर दाबून धरलं तर ते कॉम्पोझिट जास्त खातं, आणि सांध्याच्या आत एक चर तयार होते. माझ्या दातावर एका जागी फिलिंग खोल गेलेलं होतं ते बहुधा यामुळेच. चाक पसरट धरायचं, दात आणि फिलिंग दोन्हींवर एकदम टेकेल असं, आणि कामाचा भार आधीच्या डिस्कवर टाकायचा.

शेवटी पेस्ट. आधी एक मायक्रॉनच्या आसपासच्या कणांची, मग त्याहून बारीक अॅल्युमिनियम ऑक्साइडची, बकरीच्या केसांच्या मऊ ब्रशने, नंतर फेल्टच्या चाकाने. इथे पहिल्यांदाच त्यांनी थोडा वेग वाढवला. सक्शन पूर्णवेळ चालू होतं आणि सरांच्या तोंडावर मास्क. घासताना उडणारी धूळ इतकी बारीक असते की ती फुप्फुसात खोल जाऊ शकते, आणि आम्ही डॉक्टर ती रोज घेतो. माझ्या दवाखान्यात त्याकडे पुरेसं लक्ष नव्हतं. आता आहे.

खुर्ची सरळ करून बसवलं आणि रंगीत कागद चावायला दिला. आधी नेहमीसारखं, मग दात पुढे सरकवून, मग दोन्ही बाजूंना. पुढे सरकवताना भरलेल्या कोपऱ्यावर गडद ठिपका उमटला. म्हणजे तो एकटाच भार घेत होता. तो तेवढाच घालवला, आणि त्या ठिपक्यापुरत्या सगळ्या डिस्क परत एकदा. चावा तपासायला पेशंटला सरळ बसवायचं हेही मी घाईत सोडून द्यायचे. आडवं पडल्यावर जबडा मागे सरकतो आणि चावा वेगळा उमटतो.

मी घड्याळ पाहिलं. खळगा भरायला दहा मिनिटं लागली होती. त्यानंतरची पन्नास मिनिटं घासण्यात आणि पॉलिशमध्ये गेली होती.

सरांनी आरसा दिला नाही. म्हणाले, "तोंड मीट. जीभ फिरव."

मी फिरवली. मागच्या बाजूने, त्या उंबरठ्याच्या जागेवरून. जीभ गेली आणि अडली नाही. पुन्हा शोधायला गेले तर कुठे थांबायचं ते तिला कळेना. जीभ अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा खडबडीतपणाही ओळखते, आणि जंतूंच्या थराच्या दृष्टीने ०.२ मायक्रॉनच्या खाली गेलं म्हणजे आणखी गुळगुळीत करून फारसा फरक पडत नाही, असं मानलं जातं. म्हणजे तपासायला आपल्याजवळ जे सगळ्यांत बारीक साधन आहे ते पेशंटच्या तोंडातच असतं. मी ते अकरा वर्षं वापरलं नव्हतं.

दात त्या दिवशी थोडा पांढरट दिसत होता. वाळल्यामुळे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याने पाणी धरलं आणि रंग जागेवर आला. कॉम्पोझिट पक्कं होण्याची क्रिया दिवा बंद झाल्यावरही पुढचे बरेच तास चालू असते, म्हणून सरांनी मला आठवड्याने परत बोलावलं आणि फक्त शेवटची डिस्क आणि पेस्ट पुन्हा फिरवली. हिरडीचा लालसरपणा तोवर गेला होता.

दवाखान्यात परत आल्यावर मी काढलेले जुने दात आणि कॉम्पोझिटच्या वड्या घेऊन संध्याकाळी बसू लागले. एक महिना. एकाच वडीचे चार भाग करायचे, पहिल्यावर एक डिस्क, दुसऱ्यावर दोन, असं, आणि तिरप्या उजेडात फोटो काढायचे. पहिले चारपाच दिवस माझ्या चारही भागांत फारसा फरक दिसत नव्हता, म्हणजे पहिली डिस्कच अपुरी होती. मैत्रीणही येऊन बसायला लागली. तिने एका दातावर मुद्दाम कोरडं, दाबून घासलं तेव्हा सांध्यावर बारीक पांढरी रेघ उमटली. कॉम्पोझिट पक्कं होताना दोनतीन टक्क्यांनी आक्रसतं, सांधा आधीच ताणलेला असतो, आणि त्यावर असा जोर आला की कडेचं एनॅमल किंवा कॉम्पोझिट बारीक तडकतं. ती रेघ आम्ही दोघींनीही पेशंटच्या दातांवर पाहिली होती आणि रंगाचा दोष समजलो होतो.

वेळापत्रक बदलावं लागलं. पुढच्या दाताच्या फिलिंगला आता मी दीडपट वेळ देते, आणि शक्य असेल तेव्हा शेवटचं पॉलिश दुसऱ्या भेटीत करते. दाढांना इतका वेळ देत नाही. तिथे सांधा, चावा आणि दातांमधली फट यांकडे लक्ष देते. खोलगट घड्यांमध्ये आरशासारखी चमक आणण्यात अर्थ नाही. जुनी, निस्तेज झालेली पण आतून शाबूत असलेली फिलिंग आता मी लगेच काढायला जात नाही. आधी वाळवते, तिरपा उजेड टाकते, टोक फिरवते. बऱ्याच वेळा नुसतं पॉलिश पुरतं, आणि प्रत्येक वेळी फिलिंग काढताना जो थोडा चांगला दात जातो तो वाचतो.

गेल्या आठवड्यात एका बाईंचे पुढचे दोन दात झाले. भिंगातून पाहिलं, वाळवून पाहिलं, टोक दोन्ही बाजूंनी फिरवलं, फ्लॉस अखंड आला. मला खात्री होती. आरसा बाजूला ठेवून म्हणाले, "तोंड मिटा, जीभ फिरवा." त्यांनी डोळे मिटून बराच वेळ फिरवली. मग संकोचून म्हणाल्या, "इथं आतल्या बाजूला, अगदी खाली, काहीतरी आहे. सवय होईल म्हणा."

मी पुन्हा पाहिलं. दिसलं नाही. टोकालाही लागलं नाही. त्यांना बोट ठेवून जागा दाखवायला सांगितली, पेन्सिलने खूण केली, आणि पहिली डिस्क लावली.